अकरा वेळा मेलेला कॅमेरा

१

आकाशच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती.

आकाश माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. सव्वीस वर्षांचा, बदलापुरात नि आसपास तीस-चाळीस घरांत स्वतःच्या हातांनी कॅमेरे बसवलेला. त्याला सोनिवलीच्या भोईरांनी आपल्या ओट्यावर, गावातल्या दहा-बारा माणसांसमोर, चोरासारखा खाली बसवला होता. दुपारी मी रिक्षातून उतरले आणि जागीच थिजले. राग नंतर आला, आधी नुसता धक्का.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"मी मारलं," धर्मेश भोईर म्हणाला. त्रेचाळीस वर्षांचा दणकट गडी, डोळे लालभडक. "आणि चार वाजेपर्यंत वस्तू नाय मिळाली तर याला पोलिसांत देनार. तू कोण?"

"माया सोनवणे, याची मावशी. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये माझं बोर्ड रिपेअरिंगचं दुकान आहे. तुमच्या देवघरातला कॅमेरा माझ्याच दुकानातून आलाय."

"मग बरंच झालं. तूच सांग तो कुणी बंद केला."

चोरीला काय गेलं ते ऐकलंत तर तुम्हीही चक्रावाल. देवघरात धर्मेशच्या बायकोची सोन्याची ठुशी होती, ती जागच्या जागी होती. चांदीचा गणपती होता, तोही होता. गेला होता फक्त एक टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर आकृती. देवांचे टाक असतात, तसे घरातल्या गेलेल्या माणसांचेही असतात. हा टाक धर्मेशच्या आईचा, गंगूचा होता. ती गेली तेव्हा धर्मेश वर्षाचाही नव्हता. मग त्याच्या वडिलांनी, जनू भोईरांनी, दुसरं लग्न केलं आणि रिवाजाप्रमाणे दुसरी बायको पुतळाबाई आपल्या मेलेल्या सवतीचा टाक रोज पुजू लागली. धर्मेशला तिनेच वाढवलं.

आज गंगूची तिथी होती. सकाळी धर्मेश नमस्काराला गेला, तर टाकाची जागा रिकामी.

"माझ्याकडं आईचा एक फोटो पन नाय," धर्मेश म्हणाला. "तेवढा टाकच होता." तेव्हा मला कळलं, की त्याचे डोळे रडून लाल झालेत.

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. काल दुपारी एक अडतीस ते एक बावन्न या चौदा मिनिटांत देवघरातला कॅमेरा अकरा वेळा बंद पडून पुन्हा चालू झाला होता. त्या वेळातला एकही फोटो नव्हता.

"पासवर्ड एकट्या याच्याकडं. आणि काल दीड वाजता हा बाजूच्याच घरात वायफाय लावत होता. देवघरात पाय ठेवू दिला रे तुला आम्ही!"

या शेवटच्या वाक्यात न बोललेलं बरंच होतं. मला ते ऐकू आलं, ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू आलं. मी गिळून टाकलं, कारण हातात वेळ थोडा होता.

"आकाश, तू खरंच बाजूच्या घरात होतास?"

त्याने मान खाली घातली. "हो मावशी."

२

कॅमेरा म्हणजे काडेपेटीएवढा बोर्ड. समोर काही हललं की फोटो काढायचा आणि वायफायने धर्मेशच्या मोबाइलवर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. अंधार असेल तर फोटो काढताना बोर्डावरचा पांढरा दिवा लखकन पेटतो. असले बोर्ड हौशी लोक माझ्याकडून डझनाने नेतात आणि निम्मे परत आणतात. "माया ताई, कॅमेरा खराब आहे." दहातल्या नऊ वेळा कॅमेरा खराब नसतोच.

देवघर ही आतल्या बाजूची छोटी खोली होती. एकच खिडकी, पश्चिमेला, उघडी. मी कॅमेऱ्यासमोर हात हलवला. धर्मेशच्या मोबाइलवर माझा फोटो लगेच आला, स्वच्छ. दहा वेळा हलवला, दहा फोटो.

"बघा, ठनठनीत हाय," धर्मेश म्हणाला. "म्हंजे काल मुद्दाम बंद केला."

मी बोर्डातलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. मोबाइलवर फक्त किती वेळा बंद पडला ते दिसतं. कशामुळे बंद पडला ते कार्डावर लिहिलं जातं, तशी सोय आकाशने प्रोग्राममध्ये केली होती. अकरा ओळी होत्या आणि अकराही ठिकाणी एकच शब्द होता, ब्राउनआउट.

"म्हणजे विजेचा दाब घसरला," मी सांगितलं. "तुमच्याकडे खाली मोटर लावली की वरच्या नळाची धार बारीक होते ना? तसंच. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात. एकदम जास्त ओढ आली आणि अॅडॉप्टर पुरा पडला नाही, तर दाब पडतो आणि बोर्ड स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आकाशने बंद केला असता तर इथे दुसरं कारण आलं असतं."

मला वाटलं, सुटलो. पण धर्मेश शांतपणे म्हणाला, "ही ओळ लिवनारा प्रोग्राम कोनी बनवला?"

प्रोग्राम आकाशनेच बनवला होता.

३

मग कार्डावरचं सोडून मी वायर धरली. आम्ही रिपेअरवाले शेवटी वायरच धरतो.

देवघरात प्लगपॉइंट नव्हता. कॅमेऱ्याची वायर भिंतीच्या कडेने हॉलमध्ये जाऊन टीव्हीमागच्या बोर्डापर्यंत पोचत होती. पाच मीटर, तीही बारीक. मी आकाशला बजावलं होतं, की वायर एवढी लांब असेल तर अॅडॉप्टर दणकट हवा. दोन अँपिअरचा पांढरा अॅडॉप्टर मी स्वतः दिला होता, त्यावर माझ्या दुकानाचा लाल शिक्का होता.

टीव्ही सरकवला आणि माझा हात तिथेच थांबला.

तिथे पांढरा अॅडॉप्टर नव्हता. कुठल्यातरी जुन्या बटणवाल्या फोनचा काळा, अंगठ्याएवढा चार्जर होता. त्याची ताकद माझ्या अॅडॉप्टरच्या पाव हिश्शाची.

"हा कुणी लावला?" माझा आवाज चढला. "ज्याने हा लावला, त्याने कॅमेरा अधू केला!"

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. धर्मेशने बायकोकडे पाहिलं. जिज्ञासा दाराला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"मी नाही हां," ती घाईने म्हणाली. "चार्जर आईंनी चेंज केला. बारा दिवस झाले. मी बोलले पण होते, आई, तो कॅमेऱ्याचा आहे, छेडू नका."

"पुतळाआईने? कशाला?"

"देवापुढचा दिवा." जिज्ञासाने बोट दाखवलं. देवघरात विजेची समई होती, चार्जरवर चालणारी. "छताला पीओपी केल्यापासून यांनी घरात वात लावायची बंद केली ना, काळं होतं म्हणून. तर ती समई या काळ्या चार्जरवर मिणमिण करायची. आई बोलल्या, मशीनला काय, कसलं पण चालतं, देवाला चांगलं द्यावं. म्हणून अदलाबदल केली."

खरंच, हॉलच्या दुसऱ्या टोकाला समईच्या वायरला माझा लाल शिक्क्याचा अॅडॉप्टर झळकत होता. मला हसू येईना आणि रडूही येईना. भक्तीपोटी एका म्हातारीने कॅमेऱ्याचा घास काढून देवाला वाढला, आणि त्यापायी माझ्या पोराने थप्पड खाल्ली.

"पन बारा दिवस कॅमेरा चालला की!" धर्मेश म्हणाला. "आतापन चालला. मग कालच का मेला?"

प्रश्न बिनतोड होता.

४

मी विचार करत देवघरात उभी राहिले. दहा फोटो आले होते, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं.

ऊन! मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"जिज्ञासा, संध्याकाळी इथे कुणी आलं तर ट्यूबलाइट लावतं?"

"आधी लाइट, मग आत. आईंचा रूलच आहे."

"आणि रात्री?"

"रात्री कोण येणार देवघरात?"

"खिडकी लावा," मी म्हणाले. "ट्यूब लावू नका. धर्मेशशेठ, मोबाइल हातात धरा. आकाश, तू बाहेरच थांब आणि दोन्ही हात वर कर, सगळ्यांना दिसू देत."

खिडकी लागली. खोलीत काळोख झाला. समईचा उजेड पाटापुरताच होता. मी व्होल्टमीटरच्या काड्या बोर्डाला लावल्या आणि जिज्ञासाला कॅमेऱ्यासमोरून चालायला सांगितलं.

बोर्डावरचा पांढरा दिवा पापणी लवेपर्यंत पेटला आणि विझला. मीटरचा आकडा पाचावरून धाडकन खाली आला. तीन सेकंदांनी बोर्ड पुन्हा जागा झाला, जिज्ञासा हलली, दिवा पेटला, विझला. पुन्हा तेच.

"बारा," धर्मेश मोबाइलकडे बघत पुटपुटला. "तेरा. चौदा."

ओट्यावरच्या आकाशचे हात अजून वरच होते. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आरं देवा, पोराला उगा मारला!"

"उजेडात दिवा पेटत नाही, म्हणून हा चार्जर कसाबसा पुरतो," मी म्हणाले. "अंधारात वायफाय आणि दिवा दोन्ही एकदम ओढतात आणि याचा जीव जातो. बारा दिवसांत ही खोली माणूस आत असताना अंधारी झालीच नव्हती. काल झाली. चौदा मिनिटं."

धर्मेश पाटाशेजारी मटकन खाली बसला. "म्हंजे काल कोनीतरी..."

"कुणीतरी भरदुपारी ही खिडकी लावली आणि ट्यूब लावली नाही. कॅमेऱ्याला त्याने हातही लावला नाही. कदाचित त्याला कॅमेऱ्याची आठवणही नव्हती."

मी खिडकी उघडायला गेले आणि चौकटीजवळ वाकले. खाली फरशीवर तेलाचा थेंब होता, वाळून चिकट झालेला. वर पांढऱ्या पीओपीवर बोटाएवढी काजळी. आणि पाटावर, टाकाच्या रिकाम्या जागी, चार तांदळांवर एक सुपारी ठेवलेली होती. सकाळपासून ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, कुणी पाहिलीच नव्हती.

चोराने चोरी करताना दिवा लावला होता.

५

"पुरे झालं आता," मागून आवाज आला.

जनू भोईर काठी टेकत उभे होते. सत्तरी ओलांडलेले, मी आल्यापासून ओट्यावरच्या खुर्चीत बसून एक शब्द न बोललेले. कपाळावर घाम होता.

"मशीनचा दोष होता, झालं. पोराला सोडा. टाक नवा करून घेऊ."

"नवा?" धर्मेश उठला. "बाबा, माझ्या आईचा टाक हाय तो!"

"मी सांगतो ना! चौकशी बंद कर!" म्हाताऱ्याने काठी फरशीवर आपटली. निम्मं गाव दचकलं. मीही दचकले. बायकोचा टाक गेलेला माणूस चौकशीला घाबरतो कसा?

माझ्यासमोर वाट मोकळी होती. आकाश निर्दोष ठरला होता, त्याला घेऊन निघता आलं असतं. पण चोर सापडल्याशिवाय गेलो, तर उद्या हीच माणसं म्हणणार, मावशीने मशीनची जादू करून भाच्याला सोडवलं. मग बदलापुरात एक घर त्याला दारात उभं करणार नव्हतं.

"मोबाइल द्या," मी धर्मेशला म्हणाले. "काल दिसला नाही तो चोर. पण आधीचे दिवस तर दिसले असतील."

मी जुने फोटो मागे मागे नेले. रोज सकाळी आठचा फोटो, पुतळाबाई पूजा करताना. चित्रं लहान, पण पाट दिसत होता. काल सकाळच्या फोटोत सगळ्या टाकांवर झेंडूचं एकेक फूल होतं. शेवटचा, गंगूचा, मात्र उघडा होता. त्याच्या आदल्या दिवशीही तसंच. मी मोजत गेले. आठ दिवस शेवटच्या टाकावर फूल नव्हतं. नवव्या दिवशी फूल होतं, आणि त्याआधी रोज.

"जिज्ञासा, आठ-नऊ दिवसांपूर्वी या घरात काय झालं?"

ती आठवू लागली. "काही नाही. आई बारवी धरणाच्या पलीकडे गेलेल्या, एका लग्नात. त्या धवलारीण आहेत ना, लग्नात धवले गायला बोलावतात त्यांना. तिकडून आल्यापासून गप्पच आहेत. आज तर ताप आहे, सकाळपासून झोपून आहेत."

जनू भोईरांची काठी हातातून निसटून फरशीवर पडली.

६

पुतळाबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"पुतळाआई," मी म्हणाले, "देव जागेवरून हलवायचा तर आधी वात लावायची आणि जागा रिकामी न ठेवता सुपारी ठेवायची, हे धवलारणीला कुणी शिकवायला नको. जिज्ञासाला ते ठाऊक नाही. सवतीच्या टाकाला पुरुष हात लावत नाही. वाऱ्याने वात विझू नये म्हणून तुम्ही खिडकी लावलीत, वातीचा उजेड होता म्हणून ट्यूब लावली नाहीत. विजेची समई तुम्हाला या कामाला चालली नाही. आणि आठ दिवस तुम्ही त्या टाकावर फूल ठेवलं नाही."

दारात धर्मेश होता, जिज्ञासा होती, मागे आकाश. पुतळाबाई सावकाश उठून बसल्या. कमरेच्या कनवटीची गाठ सोडली आणि तळहातावर टाक धरला.

"आई, तू?" धर्मेश म्हणाला.

"जित्या बाईला फुला कशी वाहू रं मी?"

कुणाला काहीच कळलं नाही. मलाही नाही.

"बारवीच्या पल्याड लगीन होतं," त्या टाकाकडे बघत बोलू लागल्या. "धवलं गाऊन झालं नि चुलीपाशी एक म्हातारी आली. माझा हात धरला. बोलली, सोनिवलीची ना गो तू? माझा धर्मा कसा हाय? मी बोलली, कोन धर्मा? तर बोलली, डाव्या कानामागं काला डाग हाय तो."

धर्मेशचा हात आपोआप कानामागे गेला. तो हात तिथेच राहिला.

"चालीस वरसं मी तिला हळद-कुंकू लावलं, मेली समजून. आज तिची तिथी. आज सवाष्ण जेवू घालायची, तिच्या नावानं पान मांडायचं. जित्या बाईचं! माझा हात नाय उचलला. म्हून कालच टाक काढला."

"पण मग बोलला का नाहीत?" माझा संयम सुटला. "तुम्ही आत पडून राहिलात आणि पोराने बाहेर मार खाल्ला!"

त्यांनी आकाशकडे पाहिलं. "मोठा पाप झाला माझ्याकडून. भ्यायले मी. ती जिती, तर मी कोन या घरात?"

मग सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. जनू भोईर भिंतीला धरून उभे होते.

"बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं होतं," ते म्हणाले. "तान्ह्या पोराला घेऊन विहिरीच्या कडेला जाऊन बसायची. मला भीती वाटायची. लांब एका आश्रमात नेऊन सोडलं तिला. परत आलो आणि..."

"डोकं भादरून परत आला," पुतळाबाई म्हणाल्या. "गावानं तेरावं जेवलं."

"ती परत कधी आली?" धर्मेशने विचारलं. लहान मुलासारखा आवाज.

"तिच्या भाच्यानं शोधून माहेरी आनली, बारवीच्या पल्याड, बारा वरसं झाली. डोकं कवाच ठिकान्यावर आलं तिचं."

"बारा वर्षं? तासाभरावर? मग ती माझ्याकडं आली का नाय?"

पुतळाबाईंनी मूठ उघडली. "हा बसला होता ना देवघरात. ती बोलली, माझा टाक बसलाय त्या घरात, मेलेली बाई उंबरा कशी चढंल?"

जिज्ञासा तोंडावर पदर धरून रडू लागली. मी आयुष्यभर बंद पडलेल्या वस्तू उघडून पाहिल्या आहेत. आत हे असं काही सापडलं नव्हतं.

७

धर्मेश अंगणात गेला. गाडीचं दार उघडलं, आत बसला, पुन्हा उतरला. किल्ली त्याला लागेना.

मग तो ओट्यापाशी आला. माणसं अजून तिथेच होती. त्या सगळ्यांसमोर त्याने आकाशपुढे हात जोडले.

"आकाश, मी तुझ्यावर हात टाकला. चोर बोललो. सगळ्यांसमोर बोललो म्हून सगळ्यांसमोर सांगतो, चोरी तू नाय केली. मना माफ कर."

मला वाटत होतं, त्याने सहजासहजी माफ करू नये. मी मनातून तेच मागत होते, खोटं कशाला सांगू? पण आकाशने धर्मेशच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"किल्ली द्या," तो म्हणाला. "तुम्हाला चालवता येणार नाही आता. माफीचं नंतर बघू."

पुतळाबाई टाक मुठीत धरून मागच्या सीटवर बसल्या. धर्मेशने त्यांना अडवलं नाही, उलट त्यांच्या शेजारी बसला. गाडी गल्लीतून वळून बारवीच्या रस्त्याला लागली.

मी हॉलमध्ये जाऊन अॅडॉप्टर पुन्हा अदलून बदलून ठेवले. अर्धवट काम मला सोडवत नाही. बाहेर आले तर गाव पांगलं होतं आणि जनू भोईर ओट्यावर एकटेच होते. त्यांना कुणी चल म्हटलं नव्हतं.

"बाई," त्यांनी मला हाक मारली. मी आल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलत होते. "तिने माझं काही विचारलं असेल का हो?"

मला त्या म्हाताऱ्याची दया आली, हे खरं आहे. पण त्यांना खोटं सांगायची इच्छा झाली नाही.

"धर्मेशचं विचारलं," मी म्हणाले. "तुमचं नाव काढलं नाही." आणि मी रिक्षा शोधायला रस्त्याकडे निघाले.